गाडी सुरू झाली तर पंचाईत

...आणि वर तो गृहस्थ मला म्हणतो, "गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे काका, फक्त जरासं ट्यूनिंग करून घ्या!" जरासं म्हणे! तुम्हाला सांगतो, जगात 'जरासं' म्हणून कुणी काही विकत असेल ना, तर तिथून चप्पल हातात घेऊन पळत सुटावं. पण मी पळालो नाही. मी ती घेतली. रिमोटवर चालणारा ट्रक, सेलवरचा नव्हे बरं का, खरोखरचं इंजिन, लिंबाएवढं, नायट्रोचं इंधन पिणारं, दोरी ओढून सुरू करायचं, धूर सोडणारं... म्हणजे सुरू झालं तर सोडणारं. हे वय का माझं? निवृत्त माणूस मी, गुडघे वाजतात, आणि काखेत खेळण्यातला ट्रक घेऊन ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पिरीच्या रस्त्यानं निघालोय!

पण कशासाठी, ते ऐका. लिंडसेसाठी. लिंडसे माझा दोस्त, कारखान्यात भट्टीवर जन्म काढला आम्ही एकमेकांच्या शेजारी उभं राहून. त्याची बायको, एव्हिस, गेली हिवाळ्यात. झालं, त्या दिवसापासून त्यानं दार लावून घेतलं. सगळ्या गल्लीनं, दुःखाच्या घरी देतात तशी, कॅसरोलची, जेवणाची भांडी पोचवली, ती दारातूनच आत गेली आणि दारातूनच धुऊन बाहेर आली. जेट्टीवर मासे धरायला येईना, फुटबॉलला येईना. आता माझी बायको, ग्वेन, ती म्हणते, "क्लॅरी, तू सरळ जाऊन विचार की त्याला, बाबा रे, कसा आहेस?" आता काय सांगू हिला? आमच्याकडे असं विचारत नाहीत! पुरुष पुरुषाला तोंडावर 'कसा आहेस' विचारून उत्तराची वाट बघत बसला, तर समोरचा घाबरून जाईल, त्याला वाटेल डॉक्टरांनी यालाच पाठवलाय. आमच्याकडे काय करतात, एखादी बिघडलेली वस्तू घेऊन दारात जातात. "जरा बघतोस का?" म्हणतात. मग दोघं त्या वस्तूकडे बघत उभे राहतात, एकमेकांकडे नाही, आणि त्यात जे काही बोलणं व्हायचं ते होतं. पण ग्वेनच्या राज्यात बिघडलेलं काही सापडेना. म्हणून हा ट्रक.

तर गेलो. "लिंझ," म्हटलं, "ही सुरू होत नाही रे." दार बोटभर उघडलं. त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत गाडीकडे पाहिलं. म्हणाला, "इथं उजेड नाही. शेडमध्ये आण."

तुम्हाला सांगतो, मला तिथंच नाचावंसं वाटलं, पण गुडघे.

आता आम्ही दोघंही या विषयात ठार अडाणी. इंधन म्हणजे काय, तर शेडमध्ये होडीच्या इंजिनाचा कॅन होता, पेट्रोलमध्ये तेल कालवलेलं, ते ओतलं. इथं घरोघरी तो कॅन असतो, आणि इथला माणूस ते कशातही ओततो. दोरी ओढली. मी ओढली, त्यानं ओढली, पुन्हा मी ओढली, खांदा निखळायची वेळ आली, गाडी ढिम्म! शेवटी छंदाच्या दुकानातल्या ट्रूडीबाईकडे गेलो. तिनं टाकीचा वास घेतला आणि डोळे मिटले. "होडीचं घातलंत?" म्हणाली. "अहो, ही होडी दिसते का तुम्हाला? हिला मिथेनॉल लागतं, नायट्रो लागतं, आणि तो ग्लो प्लग, तो आधी तापवावा लागतो. तापवलात का?" आम्ही तिनं सांगितलेलं सगळं विकत घेतलं.

पुढच्या शनिवारी योग्य इंधन घातलं, प्लग तापवला, तर उत्साहात इतकं पाजलं की इंजिनाच्या पोटात पाणी भरल्यागत झालं, दोरीच हलेना. लिंडसे म्हणाला, "प्लग काढ, उलटी धर, मग ओढ." मी उलटी धरली. ओढली. आणि ते सगळं इंधन, एरंडेलाच्या वासाचं, चिकट, सरळ लिंडसेच्या शर्टावर! मी म्हटलं, संपलं, आता हा मला हाकलणार. तर तो नाकातून आवाज करायला लागला. मला वाटलं गुदमरला. तो हसत होता हो! हिवाळ्यापासून पहिल्यांदा! मग चहा झाला, लॅमिंग्टनचा केक खाल्ला, तो आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंपायरला शिव्या देऊ लागला. मी घरी येऊन ग्वेनला म्हटलं, "आज त्यानं अंपायरला शिव्या दिल्या." तिचे डोळे भरून आले.

आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, काय सांगू, गाडी सुरू झाली! फट् फट् केलं, धुराची एक गिरकी सोडली आणि बंद पडली, पण मला भलतीच काळजी लागली. ही आता खरंच चालायला लागली तर? मग शनिवारी जायचं कशाला? काय म्हणून दार वाजवायचं? कसा आहेस म्हणून? आमच्याकडे असं विचारत नाहीत! तर लिंडसे चहा टाकायला आत गेला, आणि मी... हो, मीच... कार्बोरेटरचा स्क्रू घेतला आणि पार आवळून टाकला. इंधनाचा थेंब जाणार नाही असा. आणि घरी येऊन, माणसं देव पाण्यात घालतात ती चांगलं व्हावं म्हणून, मी घातले ते गाडी बंद राहावी म्हणून.

आता इथून पुढं मजा बघा. शनिवारी जातो, तर मी आवळलेला स्क्रू पुन्हा होता तसा सैल! पण गाडी बंदच! खोललं, तर इंधनाच्या नळीत कापूस. कापूस? मी कापूस घातला नव्हता! बरं, मी निघताना प्लग ढिला केला. पुढच्या खेपेला प्लग घट्ट, पण हवेच्या फिल्टरमध्ये चिंधी! मी चक्रावलो. ट्रूडीबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "असा बिघाड मी जन्मात ऐकला नाही, गाडी विकून टाका." विकून टाका! हिला काय जातंय!

मग परवा, शनिवार नव्हता, ग्वेननं स्कोन दिले, चहाबरोबरचे छोटे पाव, म्हणाली, गरम आहेत तोवर पोचव. मी लिंडसेच्या कुंपणापाशी येतो तर काय, परसात नुसता धूर! गाडी कोकलत फेऱ्या मारतेय, धूळ उडवतेय, वळणावर दोन चाकांवर जातेय, आणि मध्ये लिंडसे रिमोट घेऊन उभा, तोंड कानापर्यंत फाटलेलं! मग त्यानं गाडी थांबवली, मायेनं पुसली, आणि खिशातून कापसाचा बोळा काढला.

"लिंझ," म्हटलं, "काय करतोस?"

तो दचकला. मान खाली घातली. बोळा परत खिशात घातला. मग म्हणाला, "तू या वयात खेळण्यातली गाडी घेऊन दारात आलास. मला वाटलं, तुझं आणि ग्वेनचं काहीतरी बिनसलंय. शनिवारी इथं आलास की जरा माणसात दिसायचास. आता तोंडावर विचारणार कसं?"

माझी कीव करत होता तो! माझी! मी म्हटलं, "अरे गाढवा, मी तुझ्यासाठी येत होतो." आम्ही दोघं त्या गाडीकडे बघतोय. मग तो हळूच म्हणाला, "सकाळी अजून दोनच कप काढतो रे. मग एक परत ठेवतो." मी म्हटलं, "हं." आमच्याकडे याहून जास्त बोलत नाहीत. पण मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो, आणि स्कोन गार झाले ते झालेच.

तर अशी ती गाडी दुरुस्त झाली. बिघाड एकच होता, दोन म्हातारे. आता ती अशी पळते म्हणता, दोरीला हात लावायचा अवकाश! आणि मी डोक्याला हात लावून बसलो, कारण दोघांनाही सगळं माहीत असलं तरी नुसतंच उठून कुणाच्या घरी जायचं म्हणजे... छे, जमत नाही हो ते.

काल त्याचा फोन आला. "क्लॅरी, तुझ्या गवत कापायच्या मशीनचा आवाज मला काही बरा वाटत नाही."

म्हटलं, "अरे, नवं कोरं आहे ते."

"मी म्हणतो ना, बरा वाटत नाही. उद्या शनिवार आहे, घेऊन ये."

तर आता निघालोय ते ढकलत. ग्वेन फाटकात आडवी. "क्लॅरी, चांगलं चालतंय की ते! कुठं नेतोस?"

म्हटलं, "चालतंय ना? म्हणूनच दुरुस्तीला नेतोय."