पहिला पाव सेकंद

बसच्या रांगेत माझ्यापुढे एकाच ऑफिसातले दोघं उभे होते. तो कोड लिहिणारा, ती तपासणारी.

"मॅडम, माझा माइकचा कोड तीन दिवस अडवून ठेवलाय तुम्ही."

"माइक चालू झाल्यावर पहिला पाव सेकंद तुम्ही टाकून देताय. का?"

"सुरुवातीला टक् असा आवाज येतो. कानाला खटकतो."

"तपासलंत कसं?"

"मीच बोललो. 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' अगदी स्वच्छ आलं."

"हाक पलीकडच्या खोलीत पोचवणारं हे यंत्र आजारी माणसाच्या उशाशी राहणार. तो एवढं बोलेल?"

"मग काय बोलेल?"

"माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय. ते नुसतं 'ए' म्हणतात. काल तुमचा कोड घालून यंत्र घरी नेलं. त्यांनी दोनदा बटण दाबून हाक मारली. दोन्ही वेळा पलीकडे काहीच ऐकू आलं नाही."

"पाव सेकंदातच संपलं असणार."

"हो."

"आजच बदलतो. टक् राहील मात्र."

"राहू दे."

"पुन्हा घरी न्याल?"

"नेईन. पण तुम्हीही चला. कालपासून ते गप्पच आहेत. उरलासुरला आवाजही गेला, असं वाटतंय त्यांना. चूक यंत्राची होती म्हणून सांगा."

"येतो. माझी होती म्हणून सांगतो."