मोसमातली पहिली ढाल

हिर्डोशीची एसटी सुटायची होती. जाहिदाच्या मागच्या सीटवर फुलाबाई भोरच्या कबड्डी संघाच्या लियाकतभाईंना फैलावर घेत होत्या.

“आमचा संघ पळवला तुमी!”

“पळवला कुठं, फुलाताई? पोरं भोरात कामाला. सरावाला रोज हिर्डोशी गाठायची कशी?”

“पन बनियनवर नाव भोरचं!”

“त्याच बनियनवर काल किकवीची स्पर्धा मारली.”

“ठावं हाय. आमच्या गोरखनं लोळवलं समद्यांना.”

“मग भांडताय कशाला?”

“मोसमातली पैली ढाल आमच्या देवळात लागती. यंदा ती भोरात ऱ्हानार!”

“ढाल ह्या पिशवीतच आहे, बघा. देवळात ती लावल्याशिवाय पोरं पुढचा सामना खेळायची नाहीत.”

मागं पिशवी उघडल्याचा आवाज आला.

“आना हिकडं. गावात उतरताना ती माज्या हातात पायजे.”