पाव किलो, बारीक

नाही हो काशीरामकाका, मिरी नाही, आणि जळलेले वाटाणे तर नाहीच नाही — वास घेऊन बघा ना — कॉफी आहे. कॉफीच्या बिया. भाजल्या की काळ्याच होतात, मी नाही जाळल्या. डब्यात चिठ्ठी टाकलीये बघा, प्रांजल म्हात्रे, पाव किलो, बारीक. काय ते मुद्दामच लिहिलं नाही, म्हटलं समोर उभं राहून सांगितलं तर तुम्हाला नाही म्हणायला जड जाईल. मोठ्यानं बोलते हं, गिरणीच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नाहीये. अडचण कळते मला — कॉफीच्या मागून ज्याचं धान्य पडेल त्याच्या भाकरीला कॉफीचा वास, आणि शिव्या तुम्हाला. म्हणून तर मघापासून बाकावर बसून कुणाच्या डब्यात काय आहे ते बघत होते. हा गहू चाललाय तो संपला की माझी कॉफी टाका, आणि तिच्यामागून गुणामावशींचा मका — त्या दाराशी बसल्यात ना, हिरव्या लुगड्यात, त्यांचा — कोंबड्यांसाठी आहे तो. कोंबड्यांना काय, एक दिवस जरा तरतरी येईल. मावशींना विचारलंय मी. "कंची डाल हाय गो ही?" म्हणाल्या. औषधी आहे म्हटलं. काय करू, त्या सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या, त्यांच्या कानावर जे पडतं ते दिवेलागणीपर्यंत मंडळाला पाठ असतं.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, बाटली आणावी, चमचाभर टाकावी, झालं. परेशही तेच म्हणतो — माझे मिस्टर, जासईला कंटेनर यार्डात आहेत — त्याला पुडीतली कॉफी दिली काय आणि गरम पाणी दिलं काय, "मस्त" म्हणून कप खाली ठेवतो. पण मी बेलापूरला नोकरीला होते ना, तिथे ऑफिसात मोठं मशीन होतं, अकरा वाजता त्याच्यासमोर उभं राहायचं, घट्ट काळी धार कपात पडताना बघायची, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला कुणी हाक मारायची नाही. आता ही रिया आठ महिन्यांची. डॉक्टर म्हणाल्या, अंगावर पाजताय, कॉफी दिवसाला एकच कप. एकच! मग म्हटलं, एकच आहे तर तो तरी धड असू दे. महिनाभर मोबाईलवर वाचत होते — हिला पाजता पाजता, एका हाताने — कुठलं मशीन परवडणारं, कुठल्याचं भांडं प्लास्टिकचं, कुठलं दोन महिन्यांत गळायला लागतं. पदव्युत्तर परीक्षेला एवढं वाचलं नव्हतं. आणि शेवटी घेतलं, त्यातल्या त्यात स्वस्त, आणि घेतल्यावर — घेतल्यावर हं, आधी नाही — कळलं की सगळे जाणकार एकच सांगतात, मशीन साधं चालेल, दळायचं यंत्र चांगलं हवं. त्याची किंमत बघितली तर मशीनच्या दीडपट! म्हणजे पाटा घेऊन घरी आले आणि वरवंटा पाट्यापेक्षा महाग. हसा तुम्ही. मी पण हसले असते, दुसरं कुणी असतं तर.

मिक्सर? केलं ना मिक्सरवर. अर्धा भुगा, अर्धे गोटे, पाणी भसकन खाली, चव गढूळ. शिवाय भांडं सासूबाईंचं, सुकटीच्या चटणीचं. लिंबाने घासलं, बेसनाने घासलं — पहिला घोट घेतला आणि वाटलं, करंजा बंदरावर उभी आहे. विकत मिळते ती पूड कसल्या तरी दुसऱ्या कॉफीसाठी असते, ती जाड पडते. या कॉफीला पूड हवी बारीक, पण मैद्यासारखी नाही, मैदा झाला तर पाणी खालीच उतरत नाही, मशीन नुसतं कण्हत बसतं. बारीक रव्याहून थोडी बारीक — हां, असंच, तुम्ही चिमटीत घेऊन चोळून बघता ना तसंच — बघा, हे मला आठवडाभर कळलं नाही, तुम्हाला चिमटीत कळलं. विजेवरचं यंत्र घ्यायचं म्हटलं तर एक तर किंमत, आणि त्याचा आवाज. ही कुकरच्या शिट्टीला उठते, न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या हॉर्नला उठते, परेशच्या शिंकेला उठते. आणि आता बघा — बघा तुम्ही! — इथे पट्टा फडफडतोय, फरशी हादरतेय, आणि ही माझ्या छातीवर गाढ झोपलीये. म्हणजे आवाजाचं एवढं वाचलं ते गेलं पाण्यात. मला हिचं काहीही, काहीही कळत नाही हो काका.

मग राहिलं हाताने दळायचं. छोटं जातंच ते, बाटलीएवढं. दिपिकानं — ऑफिसातली माझी मैत्रीण — तिचं दिलं होतं आठवडाभर, आवडलं तर घे म्हणाली. छान होतं, आवाज नाही, पूड एकसारखी. परत दिलं. का म्हणजे — नाही जमलं. दोन्ही हात लागतात त्याला. एकात धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. हे कुठे लिहिलेलं नसतं, लिहिणाऱ्यांची पोरं बहुधा दुसरं कुणीतरी सांभाळत असावं. असो. तर आज दहावा दिवस, मशीन परत करायची मुदत आज संपते, संध्याकाळी सहाला माणूस न्यायला येणार आहे, सांगून ठेवलंय मी. फक्त म्हटलं, जायच्या आधी एकदा, एकदाच, नीट दळलेली कॉफी त्यात घालून बघावी. म्हणजे निदान कळेल तरी की काय परत करतेय.

ते? कपाळावरचं? तीट नाही ती. उतरलंय आता, आधी हिरवंनिळं होतं. पाळण्याची दांडी लागली. मंगळवारी. हो ना, लागतंच लहान मुलांना. — तुम्हाला ऐकू येतंय की नुसतीच मान हलवताय, काका? नाही ना येत? इतकी वर्षं या आवाजात, कुणाला येईल. बरंच आहे. दांडी नाही लागली. पाळण्यात नव्हतीच ती. पलंगावर होती, दोन बाजूंना उशा लावल्या होत्या मी, लोड लावला होता, सासूबाई भजनाला गेलेल्या, परेश ड्युटीवर, म्हटलं पाचच मिनिटं. अठरा ग्रॅम मोजून घेतल्या बिया. मोजून! आणि ते जातं फिरवत होते, मोजत होते, एकशे चाळीस फेरे लागतात. ती कुरकुरली. मी ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. म्हटलं, आता थोडेच राहिलेत. मग रडली, मी तिथूनच "आले गं सोन्या" म्हटलं आणि फिरवतच राहिले. मग थांबली रडायची, तर मला बरं वाटलं — बरं वाटलं, काका! — आणि मग तो आवाज आला. डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाल्या. पण घरी कसं सांगणार? म्हटलं, पाळण्यात होती, दांडी लागली. तोंडातून निघून गेलं. आणि पाळणा बांधलेला सासूबाईंनी. तेव्हापासून त्या धड जेवत नाहीत. स्वतःचं चांगलं नऊवारी फाडून दांडीला गुंडाळत बसल्या होत्या, रोज सकाळी कपाळ बघतात हिचं आणि म्हणतात, म्हातारीचं लक्ष नाय राहिलं गो आता, माझ्या हातात नको देऊ पोरीला. घेतच नाहीत त्या हिला, हात मागे घेतात! आणि मी गप्प बसते, आणि मशीन परत करून टाकते, जसं काही मशीननेच ढकललं तिला. पलंगावरून पडली ती! मी सोडलं नाही ते जातं, वीस फेरे राहिले होते म्हणून, वीस फेऱ्यांसाठी मी माझ्या पोरीला रडत —

लाईट गेली?

कधी गेली? आत्ता? शेवटचं सगळंच —

श्श. श्श, रिया. आहे मी. एवढ्या धडधडाटात झोपली आणि गिरणी गप्प झाल्यावर उठली, धन्य गं बाई तू. — माझ्याकडे असं बघू नका काका, तुम्हाला ऐकू येतं हे आधी सांगायचं ना. आणि गुणामावशी, तुम्ही कुठे निघालात? बसा. बसा हो. मका दळायचा राहिलाय तुमचा. तसाच उचलून नेलात तर कोंबड्यांना अख्खा गिळवणार का? लाईट येईपर्यंत इथेच आहात तुम्ही. मला घरी पोचायला दहा मिनिटं, आणि जिना.

काका, डबा राहू दे इथे. मी नाही येत न्यायला, सासूबाई येतील. त्यांना तोवर सगळं ठाऊक असेल, तुम्ही काही बोलू नका. आणि आल्याच नाहीत तर — तर टाकून द्या कोंबड्यांना. फक्त एक करा. लाईट आली की आधी माझी कॉफी, मग मका. विसरू नका, आधी कॉफी.

आणि घाई नाही. सावकाश दळा.