एका वेळी एकच खण

— अगं, हात नको काढूस! वर, वर लाव, माझ्या हाताच्या शेजारी. खाली धरून काय उपयोग? कपाट पडतंय ते पुढच्या पायांवर फिरून, म्हणजे जितकं वर धरशील तितका जोर कमी लागेल — दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते, हेच तर आत्ता तुला विचारत होते, आणि तू म्हणालीस, एवढं येतं हो मॅडम. येतं ना? मग लाव. हां. थांबलं की नाही? आता श्वास घे. प्रयोगशाळेतला पहिला नियम, काहीही झालं तरी उडी मारायची नाही. उद्या नववीच्या पोरांना तू हेच सांगणार आहेस, पहिलं प्रॅक्टिकल तुझं, तेव्हा उजळणीच चाललीय असं समज — फक्त जरा अंगावर आलीय.

नाही, ढकलून मागे जाणार नाही. बघितलं मी. आणि जोरात धक्का द्यायचा नाही, वरच्या फळीवर पाऱ्याची बाटली आहे, ती फुटली तर खोली बंद करून सगळ्यांना बाहेर काढावं लागेल. आणि मागे सरकणार कुठे? मागे हा दगडी ओटा, पुढे हे लोखंडी धूड, मध्ये आपण दोघी. सगळे खण एकदम उघडलेस गं! वजनांनी भरलेले खण ते. एकेक खण बाहेर आला तसा गुरुत्वमध्य पुढे आला, पायांच्या पुढे गेला, आणि आलं कपाट अंगावर. एका वेळी एकच खण, सूचना लावलेली आहे. कुठे? वरच्या दाराच्या आत. हो, म्हणजे दार उघडल्याशिवाय दिसत नाही, मान्य आहे. मीच लावलीय. हसू नकोस, हसलीस की हात हलतात.

ओरडून काही उपयोग नाही. सगळी शाळा मैदानावर आहे, ऐकू येतंय ना, शर्यती चालल्यात. कुलूपकाका येईल सगळं आटपल्यावर दारं लावायला. शिपाई आहे, पण पोरं त्याला कुलूपकाकाच म्हणतात, आणि तो कधी चुकत नाही. तोवर आपण उभ्या. ओढणी कुठे अडकली नाही ना खणात? केस बांधलेत, बरं केलंस. पायात काय आहे? चपला! प्रयोगशाळेत चपला! उद्या बूट घालून ये.

तर न्यूटनचा तिसरा नियम. तू कपाटाला ढकलतेस, कपाट तुला ढकलतं, तेवढ्याच जोराने. मग एखादं आगाऊ पोर विचारतं, बाई, दोन्ही बलं सारखी, उलट दिशेची, मग ती एकमेकांना खाऊन टाकतात का? दरवर्षी विचारतं. तू काय सांगशील? — बरोबर. दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, खाणार कशी? तुझ्यावर लागलेलं तुलाच सोसायचंय. हुशार आहेस. मी आमच्या चिरंजीवांना म्हटलंसुद्धा, पोरगी तुझ्यापेक्षा हुशार आहे, जपून रहा. खूश झाला. त्याला वाटलं, आईने पसंती दिली.

तुझा फोन थरथरतोय बघ, त्या टोकाच्या टेबलावर. तोच असणार. रविवारी तुमच्याकडचे येणार, तारीख ठरणार, त्याचं काहीतरी विचारत असेल. वाजू दे. शाळेत मॅडम, घरी काकू, आणि रविवारनंतर आई म्हणणार तू मला — कसं जमवशील कोण जाणे. माझी जीभ अजून अडखळते सासूबाईंना आई म्हणताना, आणि आता त्या नाहीतसुद्धा.

पहिला नियम सांग. म्हण ना, वेळ जायला हवा. बाहेरून बल लागलं नाही तर स्थिर वस्तू स्थिरच राहते. हं. सगळे असंच म्हणतात, आणि पोरांच्या डोक्यात काय बसतं? की वस्तू स्थिर आहे म्हणजे तिच्यावर बलच नाही. साफ चूक! हे कपाट आत्ता स्थिर आहे. बल नाहीये त्याच्यावर? माझे दंड बघ कसे कापताहेत. बलं आहेत, भरपूर आहेत, फक्त सगळीकडून अशी बरोब्बर लागलीत की बेरीज शून्य. बघणाऱ्याला वाटतं, काय निवांत उभं आहे. मलाही सगळे म्हणतात, तुमचं काय बाई, छान स्थिर संसार.

मला वेधशाळेत बोलावलं होतं, ठाऊक आहे? नसेलच, तो कशाला सांगेल, त्यालाच माहीत नाही. नेमणूक झाली होती, दुर्बिणीवर काम, डोंगरावर राहायची सोय. कुणी अडवलं म्हणतेस? छे! कुणीच नाही अडवलं गं. एकाने जरी अडवलं असतं ना, तर भांडले असते आणि गेले असते, मी काही गरीब गाय नव्हते. सगळे म्हणाले, जा की. सासूबाई म्हणाल्या, जा, माझ्या औषधांचं बघेल कुणीतरी. नणंद म्हणाली, जा वहिनी, माझं बाळंतपण काय, होईल कसंही. आणि हे — हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, जा की, मी कुठे अडवतोय. इकडून एक बोट, तिकडून एक बोट. बेरीज शून्य. मी पुढच्या वर्षी जाईन म्हटलं. मग या शाळेत लागले, घराजवळ म्हणून.

ते वाईट नाहीत. तसं लिहून देईन मी. चहासुद्धा करतात. वाईट असते तर सोपं होतं.

परवा जेवताना तू तुझ्या विद्यापीठाचं काढलंस. संशोधनाची जागा मिळालीय, लांब आहे, हो की नाही कळवायचंय, काय करू? मुदत आज संध्याकाळपर्यंतची. आणि आमचा मुलगा, ताटात बघत, भात कालवता कालवता काय म्हणाला? आठवतंय? जा की, मी कुठे अडवतोय. तोच सूर! मी वाढत होते, माझा डाव हातातच राहिला. आणि मग तू म्हणालीस, बघू, पुढच्या वर्षीही मिळेल कदाचित. आणि सगळ्यांना किती बरं वाटलं. मलासुद्धा. हो, मलासुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू, घरात बोलायला एक माणूस येईल, जिला गुरुत्वमध्य म्हणजे काय ते कळतं. त्या रात्री मला स्वतःचीच भीती वाटली.

हात दुखताहेत? माझे नाही दुखत आता, बधिर झालेत. ऐक. माझी पाठ बघ, ओट्याला टेकलीय. कोपर ताठ आहेत. कपाटाचा भार माझ्या हातांतून पाठीत, पाठीतून ओट्यात, आणि ओटा सिमेंटने जमिनीत बसवलाय. म्हणजे कपाट कुणी धरलंय? ओट्याने. मी नुसता मधला टेकू. मग तुझ्या हातांवर किती भार येतोय? सांग, बाई आहेस ना तू विज्ञानाची. — हात काढून बघ. काढ, मी सांगतेय. हळू.

बघ. काही झालं नाही.

मला पाठ टेकली तेव्हाच कळलं होतं. तुझी गरज नव्हती. मला सोबत हवी होती, म्हणून हललीस तर घात होईल असं तुला वाटू दिलं. आमच्या घरात सगळे हेच करतात गं, आणि मीही शिकले की! बघ ना कसं पटकन जमलं मला.

आता डावीकडे वाक, खणाच्या खालून निघ. डोकं सांभाळ. खणाला धक्का नको. हां, निघालीस. नाही, परत हात लावायचा नाही, मी म्हणते ना! एकटी धरेन, मला सवय आहे. फोन घे तुझा. आधी हो कळव, इथे, माझ्यासमोर. मग त्याला फोन कर, आणि तो म्हणाला ना, मी कुठे अडवतोय, तर म्हण, बरं झालं, आणि ठेव. मग कुलूपकाकाला पाठव.

हो म्हणून कळवलंस? दाखव. लांबून दाखव, दिसतं मला.

मग उभी काय राहिलीस? जा. आणि दार हळू लाव, पाऱ्याची बाटली आहे वर.