मुन्सफसाहेब बैलगाडीत बसले त्याची हकिकत

ऐका, आज मी अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करतोय, टोपी काढून ऐकलीत तरी चालेल. माझ्या वकिलीतला सगळ्यात मोठा दावा मी एक शब्द न बोलता, अर्धवट झोपेत जिंकलो. हसू नका, खरं आहे.

जन्म माझा धुळ्याचा, वडील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, त्यांच्या सतरंजीवर बसून भांडणं ऐकत मी मोठा झालो, स्वातंत्र्य आलं त्या साली सनद मिळाली आणि जळगावला ज्यांच्या हाताखाली लागलो ते आबा वकील म्हणाले, तू फार बोलतोस, आपण प्रतिवादीची माणसं, दावा समोरच्यानं केलाय, शाबीत त्यानं करावा, आपण कान उघडे ठेवून बसावं. काय सांगू तुम्हाला, मला गप्प बसवणं म्हणजे निर्जळी उपास!

तर सीताअक्का. गिरणेकाठची एकटी बाई. दगडूनानांच्या केळीपलीकडे तिचं कपाशीचं शेत, आणि तिथं जायला नानांच्या केळीतूनच गाडीवाट, दुसरी नाहीच. नानांनी दावा लावला, इथं गाडीवाट कधी नव्हतीच, बाईला मनाई करा. वाटेच्या तोंडाशी केळीची कोवळी रोपं लावली, वर वाळली पानं पसरली. अक्का मला म्हणाली, भाऊ, वाट गई ते वावर गयं. मी कैफियत दिली, पण साक्ष द्यायला कोण येणार, सगळं गाव नानांना वचकून. शेवटी मुन्सफसाहेबच म्हणाले, चला, जागा बघू.

आता साहेब गावात येणार म्हटल्यावर नानांना कुठं राहवतंय, पाव्हणा माझ्या शिवारात पायी फिरेल होय? स्वतःची गाडी काढली, गादी घातली, बैलांना घुंगुरमाळा, आणि कासरा धरून स्वतः पुढे बसले. वादीच्या गाडीत साहेब! मला हरकत घेता आली असती, जिभेवर आलीसुद्धा होती, पण आबा आठवले. नानांचे वकील आणि मी मागे बसलो, अक्का गाडीमागून चालत.

बांधाकडेनं निघालो आणि काय तो हिरवा उजेड, पाटाच्या पाण्याचा आवाज, घुंगरं, ओला गारवा, वाटलं नदीच्या तळातून चाललोय आपण, वर कुठंतरी ऊन आहे, कोर्ट आहे, तारखा आहेत, आपल्याला काय त्याचं. नानांचे वकील पेंगले, मीही पेंगलो. नाना मागे वळून साहेबांना केळीचे घड दाखवत होते, कासरा सैल, आणि बैल आपले वळले. रोपं तुडवत, पानं उधळत, सरळ केळीत! नाना एक वाक्य बोलून गेले. नानांचे वकील दचकून जागे झाले, त्यांनी कपाळाला हात लावला, साहेबांनी ते वाक्य तिथंच टिपून घेतलं. निकालात वाट अक्काला मिळाली.

अजून तिची कपाशी त्याच वाटेनं येते, सुखी राहो बाई. नाना भेटले की म्हणतात, वकीलसाहेब, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत हो! आता नवं राज्य झालं, माझे केस पिकले, पण दुपारी बाररूमच्या बाकावर डोळा लागला की मी त्याच गाडीत असतो. हिरवा उजेड, घुंगरं. गाडी कलते, साहेब दांडी धरून ओरडतात, अहो, हे बैल निघाले कुठं? आणि नाना, यजमानच ते, पाव्हण्याला धीर देत मोठ्या ऐटीत सांगतात, घाबरू नका साहेब, त्यास्नी रोजनी वाट शे ती!