दहा मिनिटांनी आपोआप बंद

नाही नाही ताई, ती नका घेऊ — ठेवा खाली, पाणी आहे आत, सांडेल. दिसायला छान आहे, मान्य, पण गोधडीच्या कामाची नाही. का म्हणजे? उलटी करून तळ बघा — किती भोकं वाफेची, नुसती चाळण. वाफ आली की कापड ओलं, ओलं कापड ताणतं, आणि एक तुकडा सुताभर ताणला गेला ना, की पुढच्या सगळ्या ओळी तिरक्या. मग बसा उसवत. गोधडीला कोरडी इस्त्री, सपाट तळ, जरा वजनाची, टोक निमुळतं — शिवण उघडायला टोक लागतं. आणि शर्टावर फिरवतो तशी फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. तीस वर्षं हेच सांगतोय, घसा बसला माझा, तरी लोक घरी जातात आणि फिरवतातच.

कोणासाठी, तुम्हीच शिवता का? सासूबाईंसाठी. बरं. कोण तुमच्या सासूबाई? ... शाळेच्या मागच्या गल्लीतल्या, शिवणाच्या बाई? म्हणजे तुम्ही बाईंच्या सूनबाई — अहो मग बसा ना, उभ्या काय, तो स्टूल घ्या, डगमगतो जरा पण पडत नाही. नाही, मी ओळखलं नाही, तुमचे मिस्टर येऊन गेले मागच्या महिन्यात, त्यांना ओळखतो. बाईंना तर — जाऊ दे. बाईंनीच निम्मं दुकान चालवलंय माझं, त्यांच्या वर्गातली प्रत्येक बाई इस्त्री घ्यायला इथेच यायची.

छोटी हवी? फार न तापणारी? ताई, न तापणारी इस्त्री घ्यायची तर वाटीने दाबा की, तेवढंच होईल. सुती कापडाला कडक ताप लागतो, त्याशिवाय शिवण बसत नाही. भीती तापाची नसते, हलगर्जीपणाची असते — आत कृत्रिम भर असेल तर ती वितळते, तळाला चिकटते, म्हणून आधी चिंधीवर टेकवून बघायचं. वायर टेबलाच्या मागून न्यायची, पायात नाही. एक्स्टेन्शन बोर्डाला लावायची नाही, भिंतीतल्या बोर्डालाच. आणि उठताना पिन काढायची — बटण नव्हे, पिन. दोन मिनिटांसाठी उठलात तरी पिन. हे मी सांगायचो, आणि बाई वर्गात पोरींकडून घोकून घ्यायच्या, एकीने पिन काढली की ‘काढली’ म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकलं पाहिजे. मग ह्या आपोआप बंद होणाऱ्या इस्त्र्या आल्या आणि ती सवय मोडली. मोडली कशाला म्हणू — मीच म्हणायचो, बाई, आता पिनची चिंता सोडा, उभी ठेवून विसरलात तर दहा मिनिटांनी बंद, आडवी पडली तर अर्ध्या मिनिटात.

हो, माहीत आहे मला, काय झालं ते. मिस्टर बोलले होते. दारावर कोणी आलं म्हणून बाई उठल्या, बोलत बसल्या, इकडे टेबलावरची गोधडी घसरली, तिच्याबरोबर इस्त्री आडवी. टेबल जळालं, पडदा गेला. माणसाला काही झालं नाही, हे नशीब. बाळाचीच गोधडी होती ना ती? ... बारशापासून शिवत होत्या. हो, मला तुकडे दाखवले होते, पिवळे.

काय म्हणालात? पाळणाघरात? एवढंसं पोर पाळणाघरात, आणि आजी घरात बसलेली — नाही, तुम्हाला दोष देत नाही ताई, तुम्हाला कामावर जायचं असतं, आणि आग लागलेल्या घरात कोणाच्या भरवशावर ठेवणार. पटतंय मला. पण बाई काय म्हणतात? ... त्याच म्हणतात, माझ्याजवळ नको ठेवू? स्वतःच? आणि घेत पण नाहीत? कोणी दुसरं खोलीत असल्याशिवाय मांडीवर सुद्धा घेत नाहीत.

थांबा, पंखा बंद करतो, आवाज करतोय. ... आणि आता डोक्याच्या डॉक्टरांकडे नेणार. गुरुवारी. विसरतात म्हणून. दुसरं काय काय विसरतात, सांगा ना. चष्मा? चष्मा मी दिवसातून चार वेळा शोधतो, कपाळावर असतो. नावं? गॅस? गॅस कधी विसरल्यात? ... नाही ना. म्हणजे तेवढी एक इस्त्रीच. आणि ती चालूच कशी राहिली हे त्यांना कळत नाही, कारण ती बंद व्हायला हवी होती, म्हणून त्या म्हणतात मी मध्ये जाऊन हात लावून परत चालू केली असेल, मला आठवत नाही. आठवणार कसं? घडलंच नाही ते.

बसा. उठू नका. मी सांगतो आणि मग काय बोलायचं ते बोला. गोधडी करणाऱ्या बायकांचं एक दुखणं असतं ताई — पंधरा मिनिटं मशीनवर शिवायचं, मग इस्त्रीकडे वळायचं, तर ती गार. परत तापेपर्यंत थांबा. परत शिवा, परत गार. बाई वैतागल्या होत्या, म्हणाल्या ही बिघडली आहे, दुरुस्त करून द्या. बिघडली नव्हती. मी उघडली, आतला तो बंद करणारा भाग वगळून वायर सरळ जोडली, म्हटलं घ्या, आता नाही गार पडणार. काय केलं ते सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही, त्यांना वाटलं बिघाड काढला, आता जरा उशिराने पण बंद होतेच, आडवी पडली तर लगेच. त्या खूश झाल्या, मी खूश झालो. विसरल्या नव्हत्या त्या. त्यांचा विश्वास होता, इस्त्रीवर नाही, माझ्यावर.

आणि मिस्टर ती जळकी इस्त्री घेऊन आले तेव्हा — हेच सांगायला जीभ उचलत नाही बघा — ते इथेच उभे होते, म्हणाले काका, ही बंद का झाली नाही, तपासा. मी आत नेली, पडद्यामागे. तो भाग परत जोडला. दोन मिनिटांचं काम. बाहेर आणून त्यांच्यासमोर लावली, दहा मिनिटं आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे, आणि झाली की बंद. म्हटलं, इस्त्री ठीक आहे. ते म्हणाले, म्हणजे आईनेच परत हात लावला असणार. मी म्हणालो, असू शकेल. एवढंच म्हणालो. असू शकेल. का म्हणालो? घाबरलो. पोलीस, दुकान, लोक काय म्हणतील — त्या क्षणी सगळं आलं डोक्यात आणि बाईच तेवढ्या आल्या नाहीत. महिनाभर जेवण नीट जात नाही म्हणून बायकोने मलाच डॉक्टरकडे नेलं, तिला वाटतंय पित्त आहे.

असं बघू नका माझ्याकडे. बघा, बघा, तुमचा हक्क आहे तो. पण एक ऐका, बाईंची एकच नव्हती. वर्गातल्या बायका बघून बघून आल्या, आमचीही तशी करून द्या. आणखी अकरा. अकरा घरांत ती इस्त्री आहे आणि अकरा जणींना वाटतंय ती आपोआप बंद होते. महिनाभर मी रोज सकाळी फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो, कारण पहिला फोन केला की तुमच्या घरी कळणारच होतं.

इस्त्री वगैरे काही नाही मिळणार आज, दुकान बंद करतोय. गुरुवारची वेळ आधी रद्द करा. आणि बाईंना तुम्ही काही सांगू नका, ते माझं आहे, संध्याकाळी येतो मी, मिस्टर घरी असताना, त्यांच्यासमोर बोलतो, मग जे करायचं ते करा माझं. तुम्ही निघा आता. पाळणाघरातून बाळाला उचला, घरी जा, बाईंच्या मांडीवर द्या, आणि खोलीतून बाहेर या. एकट्याच असू देत दोघं. जा ताई. मला अकरा फोन करायचेत.