जुन्यापेक्षा वाईट नवं कार्ड

बिश्केकमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानापुढे मर्लेन नवं ग्राफिक्स कार्ड परत करायला रांगेत उभा होता. जुनं त्याने "घे हे भंगार" म्हणत मेहुण्याला दिलं होतं, आणि आता त्या भंगारावर मेहुण्याचा गेम सुसाट पळत होता. मर्लेनचा नव्यावर रांगत होता.

पुढे दोघे बोलत होते; धाकटा थोरल्याला 'बाइके', म्हणजे दादा, म्हणत होता.

"बाइके, तुमचं नवं कार्ड कसं चाललंय?"

"पहिला आठवडा जुन्यापेक्षा जास्त रडलं. घोडा म्हणून आणलं, गाढव निघालं."

"मग भांडलात?"

"दुकानदाराचा बाप काढला. त्याने मशीनची मागची बाजू पाहिली आणि मला चहा पाजला."

"चहा कशाला?"

"स्क्रीनची वायर मी कार्डाला लावलीच नव्हती. मदरबोर्डाच्या भोकात खुपसली होती. कार्ड आत नुसतं बसून, आणि मी वहीत जुन्या-नव्याचे आकडे मांडतोय."

"वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवता तुम्ही."

"म्हणून तर कुणाला विचारलं नाही."

मर्लेनने खोका काखोटीला मारला आणि रांग सोडली. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, दिलं का बदलून?"

"लगेच दिलं," मर्लेन म्हणाला. "दुकानदार घाबरला मला."